चॅसीचं सोल्डरिंग
आज १/२४ स्लॉट कारची (ट्रॅकच्या खाचेतून धावणारी विजेवरची छोटी गाडी, खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढी) चॅसी, म्हणजे सांगाडा, जोडली: पितळी पट्ट्या आणि दीड मिमीची पियानो वायर. चॅसी पिळते ती बहुतेकदा उष्णतेने. एका बाजूचे सांधे सलग सोल्डर केले की सपाट काचेवर ठेवल्यावर एक चाक अधांतरी राहतं. म्हणून एक सांधा पुढे डावीकडे, दुसरा मागे उजवीकडे, मध्ये पूर्ण गार होऊ द्यायचं.

पियानो वायर पोलादी. पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, सहज मिळणारा राळेचा फ्लक्स (सोल्डर धरायला मदत करणारं रसायन) तिच्यावर नीट चालत नाही, झिंक क्लोराइडसारखा आम्लयुक्त हवा. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने घासून धुवाच, नाहीतर पुण्याच्या पावसाळी हवेत तार लगेच गंजते.

मागची बुशिंग्ज (ॲक्सल ज्यांत फिरतो त्या छोट्या नळ्या) सोल्डर करताना दोन्हींतून एकच सरळ, तेल लावलेला ॲक्सल, म्हणजे चाकांचा दांडा, घालून ठेवा. टिचकीसरशी तो गरगर फिरला पाहिजे. अडखळला तर बुशिंग तापवून पुन्हा बसवा. भोक घासून मोठं केलं तर गिअर खडखडणारच.