तीन मिनिटांचे संप्रेरक

आपल्या आतड्यात रोज सुमारे 8 ते 9 लिटर द्रव उतरतो. त्यात खाण्यापिण्यातून आलेला जेमतेम 2 लिटर असतो. बाकी सारी लाळ, जठररस, पित्त आणि स्वादुपिंडाचा व आतड्याचा रस. यातला बहुतेक द्रव परत शोषला जातो आणि शौचावाटे 100 ते 200 मिलिलिटरच बाहेर पडतो. हा हिशेब सांभाळण्यात संप्रेरकांचा मोठा वाटा असतो आणि तो बिघडला की काय होते, हे व्हीआयपी नावाचे संप्रेरक स्रवणाऱ्या दुर्मीळ गाठीत स्पष्ट दिसते. रुग्णाच्या तोंडात अन्नाचा कण नाही, हाताला सलाईन लावलेले, तरीही भांड्यात फिक्या कोऱ्या चहासारखे पाणी पडतच राहते आणि पोटॅशियम उतरल्यामुळे पायांतली शक्ती जाते. आतड्याची चाल मंदावणाऱ्या लोपेरामाइडचे अशा वेळी फारसे चालत नाही.

या गळतीला आवर घालणारे सोमॅटोस्टॅटिन 1973 मध्ये मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून वेगळे काढले गेले. ते इतर संप्रेरकांचा स्राव रोखते आणि आतड्याचे पाझरणेही कमी करते. पण रक्तात त्याचे निम्मे प्रमाण एक ते तीन मिनिटांतच नाहीसे होते. अशा औषधाचा घरी काय उपयोग? त्याच्या 14 अमिनो आम्लांच्या साखळीऐवजी 8 आम्लांची चिवट साखळी रचली, तेव्हा ऑक्ट्रिओटाइड हाती आले, जे सुमारे दीड तास टिकते. पुढे त्याचे चार आठवड्यांतून एकदा कुल्ल्यात टोचायचे रूपही आले. त्यासाठी फ्रिजमधले औषध आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे लागते आणि मिसळल्यावर लगेच टोचावे लागते.

गंमत अशी की, स्वादुपिंडाचा रस आटल्यामुळे याच औषधाने कधीकधी तेलकट जुलाब होतात. मग पाचक विकरांच्या गोळ्या जोडाव्या लागतात. पित्ताशय आळसावल्याने खडेही होतात, हे सुरुवातीलाच सांगायला हवे असे मला वाटते.

आतड्याचा मोठा भाग कापून काढलेल्यांसाठी मात्र उलटी वाट धरावी लागते, कारण तिथे शोषणच अपुरे असते. जीएलपी-2 हे संप्रेरक आतड्याचे अस्तर वाढवते. पण तेही काही मिनिटांतच मोडते. त्यातले दुसरे अमिनो आम्ल, ॲलॅनिन, काढून तिथे ग्लायसिन बसवले की ते मोडणाऱ्या विकराला पकड मिळत नाही. हेच टेड्युग्लुटाइड, अमेरिकेत त्याला 2012 मध्ये मान्यता मिळाली. रोज एक टोचणी घेऊन काही रुग्णांच्या शिरेवाटे पोषण घेण्याच्या रात्री कमी होतात. मात्र ते वाढ घडवणारे औषध असल्याने, मोठे आतडे शिल्लक असेल तर सुरू करण्यापूर्वी दुर्बिणीने तपासून त्यातले कोंब (अस्तरावर उगवलेल्या छोट्या गाठी, म्हणजे पॉलिप) काढून टाकतात.