दगड कोरडे फिरू नयेत म्हणून

"चाक तर गेलंय, मग आत बघायचं काय?" जुन्या पाणचक्कीच्या दारातूनच कुणीतरी मागे फिरलं. ते वाक्य दिवसभर डोक्यातून जाईना.

आत एक छोटीशी घंटा होती. हॉपरमधल्या, म्हणजे दळायचं धान्य ओतायच्या नरसाळ्यासारख्या पेटीतल्या, धान्याच्या भाराखाली तिचा चामडी पट्टा दाबलेला राहायचा. धान्य संपत आलं की पट्टा सुटायचा, घंटा वाजायची. कारण दगड रिकामे फिरले तर एकमेकांवर घासून ठिणग्या उडायच्या, आणि पिठाच्या धुळीला पेटायला तेवढं पुरे!

इंग्लंडच्या १०८६ सालच्या डूम्सडे बुकात, म्हणजे राजाने करवून घेतलेल्या जमीन-मालमत्तेच्या नोंदवहीत, हजारो चक्क्यांची नोंद आहे.

पुढच्या काळातल्या इमारतीही विचारपूर्वक बांधलेल्या: धान्य वर, दगड मधे, पीठ खाली. अख्खी इमारतच यंत्र.

आपण भिंती जपतो आणि आतलं सगळं भंगारात काढतो. मग ती चक्की वाचली म्हणायची का?