घट बसायच्या आत आल्प्स

आबांच्या लाकडी ड्रॉवरमध्ये एक बारीक तिकोनी कानस आहे, स्वित्झर्लंडची. उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये त्यांनी ती कधी कुणाला हात लावू दिली नाही. नाजूक जॉबची कड मारायची असली तरच बाहेर काढायचे, काम झालं की तेलाच्या फडक्यात गुंडाळून परत आत. "अशी कानस करणाऱ्यांचा मुलूख एकदा बघायला पाहिजे," म्हणायचे. त्यांचं राहिलं. आता मी, बायको आणि आई, तिघं निघतोय.

तारखा ठरवायलाच महिना गेला. जायचं ते शरदातच, हे माझं पक्कं होतं. पण शरद म्हणजे नवरात्र, आणि नवरात्रात कोल्हापूर सोडायचं म्हटल्यावर आईनं एका वाक्यात निकाल लावला. "आरं, अंबाबाईच्या दारात सगळं जग येतंय, आन् आपण कुठं निघालोय?" दसऱ्यानंतर जावं, तर तिकडं अडचण. ऑक्टोबर संपत आला की बरेच रोपवे देखभालीसाठी बंद व्हायला लागतात, तळ्यातल्या बोटी कमी होतात, आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागं घेतली की लवकर अंधार पडतो. शेवटी पंचांग घेऊन बसलो. यंदा अधिक ज्येष्ठामुळं सण पुढं गेलेत. अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला, घटस्थापना ११ ऑक्टोबरला. मधे पितृपक्ष. लग्नकार्यं नाहीत, नवीन मशिनच्या पूजा नाहीत, ऑर्डरीही जरा थंड. आबांची तिथी पक्षाच्या सुरुवातीलाच येते. ती झाली की महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबई, तिथून विमान, आणि घट बसायच्या आदल्या दिवशी परत घरात.

यात एक गोष्ट थोडी हुकणार. लार्च नावाचं झाड तिकडं डोंगरभर असतं, सूचिपर्णी असून पानं गाळणारं. गाळायच्या आधी त्याच्या सुया पिवळ्याधमक होतात. एंगाडिनच्या खोऱ्यात आणि झरमाटच्या वरच्या रानात ऑक्टोबरच्या मध्यावर तो रंग भरात असतो. आम्हाला सुरुवातच दिसेल. डोंगरावरची गुरं सप्टेंबरात खाली गावात उतरतात, डोक्यावर फुलं आणि गळ्यात थोरल्या घंटा घालून, अगदी आपल्या बेंदरासारखी. तीही बहुतेक उतरून गेलेली असतील. आईला याचं सगळ्यात वाईट वाटलं.

एका टूर कंपनीचं पत्रक आणलं होतं. रोज नवा देश, रोज पहाटे बॅगा दाराबाहेर. आईचे गुडघे बघता ते जमणारं नाही, आणि मलाही तसलं बघणं नको. म्हणून दोनच मुक्काम धरलेत. आधी चार रात्री लुसर्न, मग पाच रात्री इंटरलाकेनजवळ. बॅगा तिथंच ठेवायच्या, सकाळी पाठीला छोटी पिशवी लावून निघायचं, रात्री जेवायला परत. आठ दिवसांचा स्विस ट्रॅव्हल पास काढला की रेल्वे, बस आणि तळ्यातल्या बोटी त्यातच येतात. लुसर्नजवळच्या रिगी डोंगराची गाडीही येते. शेजारच्या पिलाटस डोंगराला निम्मं तिकीट पडतं आणि इंटरलाकेनकडच्या युंगफ्राउयोख या बर्फातल्या उंच स्टेशनाच्या वरच्या टप्प्यावर पंचवीस टक्के सूट मिळते.

कुठल्या दिवशी कुठं जायचं, हे मात्र लिहून ठेवलेलं नाही, आणि माझ्या मते शरदात तेच खरं शहाणपण आहे. त्या दिवसांत थंड जड हवा खोलगट भागात साचते, वर ऊबदार हवेचं झाकण बसतं आणि मधे धुकं अडकून राहतं. थंडीत पहाटे जोतिबाच्या डोंगरावर गेलेल्यांनी हे बघितलंय. खाली पंचगंगेचं खोरं कापसानं भरलेलं आणि वर लख्ख ऊन. लुसर्नला खिडकीबाहेर राखाडी दिसलं तर पांघरुणात पडून राहायचं नाही, डोंगर गाठायचा. वर काय चाललंय ते शिखरांवरच्या कॅमेऱ्यांतून मोबाईलवर दिसतं. गेले पंधरा दिवस मी दुपारी डबा खाताना रिगीचा कॅमेरा लावतो. तिकडं तेव्हा सकाळ असते, साडेतीन तासांचा फरक.

आता ज्यासाठी माझा जीव अडकलाय ते. आमचा धंदा गिअर कापायचा. पोलादी रुळावर पोलादी चाक चढाला घसरतं, म्हणून तिकडच्या डोंगरगाड्यांना रुळांच्या मधे दात्यांची पट्टी असते आणि गाडीखालचं दातेरी चाक त्यात अडकून वर चढतं. ही पट्टी एकाच जातीची नाही. रिगीची गाडी १८७१ सालची, युरोपातली पहिली दातेरी डोंगरगाडी. तिची पट्टी रिगेनबाखची, आडव्या शिडीसारखी. झरमाटवरच्या गोरनरग्राट डोंगराला आब्टची, दोन पट्ट्या शेजारी शेजारी आणि दाते मुद्दाम मागंपुढं, म्हणजे एक दाता सुटताना दुसरा धरलेलाच असतो. आपल्या नीलगिरीच्या गाडीला हीच पद्धत आहे. युंगफ्राउला स्ट्रुबची, रुळाच्या डोक्यातच दाते कापलेले. आणि पिलाटस! तिथला चढ ४८ टक्के, म्हणजे शंभर मीटर पुढं जाताना अठ्ठेचाळीस मीटर वर. एवढ्या चढाला उभं चाक दात्यांवरून उचललं जायची भीती. म्हणून एदुआर्ड लोखरनं पट्टीच्या डाव्या-उजव्या अंगाला दाते पाडले आणि आडव्या चाकांच्या जोडीनं ती दोन्हीकडून चिमटीत धरली. १८८९ पासून ती गाडी त्यावर चालतेय. ती बर्फाच्या दिवसांत बंद असते, म्हणूनही शरद सोडायचा नव्हता.

जाताना लुसर्नहून आल्पनाखश्टाडपर्यंत बोट, तिथून ही गाडी, उतरताना पलीकडून रोपवेनं क्रीन्स. रिगीलाही बोटीनं फिट्सनाऊ गाठायचं आणि पलीकडं गोल्डाऊला उतरून रेल्वेनं परत. बायकोला या दोन्ही बोटींचं फार अप्रूप आहे.

इंटरलाकेनहून एक दिवस युंगफ्राउयोखचा, ३४५४ मीटर. आईच्या बीपीमुळं डॉक्टरांना विचारलं. वर सावकाश चालायचं आणि तासा-दोन तासांत उतरायचं या अटीवर ते हो म्हणाले. हा मार्ग काढणारे गुयर-त्सेलर कारखानदार होते. काम १८९६ ला सुरू झालं, ते १८९९ ला वारले आणि गाडी वर पोचली १९१२ ला. हे वाचलं त्या रात्री मला आबा फार आठवले.

एक दिवस लाउटरब्रुनेनची दरी आणि ट्र्युमेलबाखचा डोंगराच्या पोटातला धबधबा. एक दिवस माझा एकट्याचा, झरमाट आणि गोरनरग्राट. त्या दिवशी या दोघी थूनच्या तळ्यावर बोटीत बसतील. पूर्वेकडच्या बर्निना घाटातली लाल गाडी गाळली. या मुक्कामांवरून एका दिवसात जाऊन येणं म्हणजे नुसती खिडकी बघणं.

व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, विमा किमान ३०,००० युरोचा लागतो, ते मार्गी लागलंय. खाण्याचं आईनं हातात घेतलंय. तूप आणि पेढे नेता येणार नाहीत, भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ तिकडं चालत नाहीत, हे तिला दोनदा सांगितलं. भाजणी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा-लसूण चटणी मात्र येणार.

पिलाटसला यायला ती तयार नव्हती. "एवढ्या चढाला गाडी मागं सुटली तर?" म्हणून मागच्या रविवारी, शेड बंद असताना, एमएसच्या, म्हणजे साध्या पोलादाच्या, हातभर पट्टीला दोन्ही अंगांनी दाते पाडले, दोन छोटी गिअर आडवी बसवली आणि खाली थाळ्या लावल्या, वर उचललं जाऊ नये म्हणून. दात्यांची कड मारायला आबांची कानस काढली. घरी आणून पट्टी उभी धरली आणि आईला म्हटलं, चाकांची ही जोडी दात्यांतून ओढून काढ. तिनं दोन्ही हातांनी ओढलं. जागची हलली नाही. मग ती बराच वेळ दात्यांवरून बोट फिरवत बसली.

"कड त्यांच्या कानशीनं मारलीस व्हय?"

"हो."

"मग ती बी घे बरोबर."

केबिनच्या बॅगेत ती चालणार नाही, मोठ्या बॅगेत घालावी लागेल. फडक्यासकट काढून ठेवलीय.