गल्लीतलं बीपी-शुगर केंद्र चालवताना

बेळगावात वडगाव-शहापूरकडच्या गल्ल्यांत आरोग्य शिबिरांना तोटा नाही. गणपतीत मंडळाच्या मंडपात होतं, जयंतीला समुदाय भवनात होतं. तपासणी होते, चिठ्ठी हातात पडते आणि देव्हाऱ्यामागे जाऊन बसते. महिन्याभराने त्या माणसाची गोळी सुरू झाली का, हे विचारणारं कोणी नसतं. ते विचारता यावं म्हणूनच आम्ही गल्लीत तपासणी सुरू ठेवतो. काम कसं चालतं आणि कुठे अडतं, ते लिहितो.

आधी घरांची यादी, मशीन नंतर. शहरी महिला आरोग्य समिती 50 ते 100 घरांमागे एक असते; दोघा-तिघांना सांभाळता येतील अशी घरंही साधारण तेवढीच. आशाताईंना पहिल्या दिवसापासून सोबत घ्यावं. तुमची वही वेगळी, त्यांची वेगळी असं झालं की दोन्ही अर्धवट राहतात. भाडेकरू हमखास सुटतात: माडीवरचे, मागीलदारचे, मागाच्या खोलीला लागून राहणारे. दारावरचे नंबर न मोजता चुली मोजाव्यात.

30 वर्षांवरच्या प्रत्येकासाठी आशाताईंकडे ‘सीबॅक’ फॉर्म असतो; त्यात बीपी-शुगरसारख्या आजारांचा धोका गुणांनी मोजतात. वयाचे गुण 30 ते 39 ला 1, मग दर दहा वर्षांना एकेक वाढत साठीला 4. रोज तंबाखू असेल तर 2, रोज दारू असेल तर 1, आठवड्याला 150 मिनिटांपेक्षा कमी हालचाल असेल तर 1, आईवडील किंवा भावंडांत बीपी, शुगर, हृदयविकार असेल तर 2. कमरेचा घेर बाईचा 80 आणि पुरुषाचा 90 सेंटिमीटरच्या वर गेला की 1, आणखी 10 ने वाढला की 2. बेरीज 4 च्या वर गेलेल्यांना आधी बोलवायचं. तपासणी मात्र तिशीपुढच्या सगळ्यांची करायची.

हा फॉर्म भरताना दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. निऱ्यांवरून टेप फिरवला की एक गुण फुकट वाढतो; टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्ये, श्वास सोडल्यावर धरायचा. दुसरा घोळ तंबाखूचा. ‘तंबाखू खाता का?’ म्हटलं की बायका सरळ ‘नाही’ म्हणतात, आणि ते त्यांच्या लेखी खरंच असतं. ‘दात कशाने घासता?’ असं विचारलं की मिश्रीची डबी बाहेर येते. मिश्री म्हणजे तंबाखूच, गुण 2. निपाणीकडे, जिथे तंबाखू शेतातही आहे आणि विड्या वळणाऱ्या हातांतही, तिथे तर हा प्रश्न असाच विचारायला हवा. तोंडाच्या कॅन्सरची शंका म्हणून लगोलग तोंडही बघून घ्यावं: तीन बोटं उभी आत जातात का, न भरणारा व्रण किंवा पांढरा चट्टा आहे का. त्याच बैठकीत दोन आठवड्यांवरचा खोकला, रात्रीचा घाम, घटलेलं वजन हेही विचारून होतं. टीबीसाठी वेगळी फेरी काढावी लागत नाही.

बीपी घेण्याची घाई करू नये. पाच मिनिटं गप्प बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला. अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको, लघवी तुंबलेली नको. पट्टा उघड्या दंडावर बांधायचा. जाड दंडाला लहान पट्टा लावला की आकडा खोटा चढतो, म्हणून मोठा पट्टाही विकत घ्यावा. मिनिटभराच्या अंतराने दोनदा घेऊन सरासरी लिहायची. गल्लीत सगळ्यात अवघड काम म्हणजे त्या मिनिटात माणसाला गप्प ठेवणं. 140/90 किंवा वर आलं तर ‘तुम्हाला बीपी आहे’ असं आपण म्हणायचं नाही. ते ठरवणं डॉक्टरांचं काम. 180/110 च्या वर गेलं तर त्याच दिवशी दवाखान्यात, आणि सोबत छातीत दुखणं, धाप किंवा बोलण्यात अडखळणं असेल तर सरळ 108.

शुगरला बोट साबणाने धुऊन कोरडं करायचं. गुळाचा खडा किंवा आंबा खाल्लेल्या बोटावर आकडा भलताच येतो. स्ट्रिपची डबी पावसाळ्यात उघडी राहिली की दमटपणाने स्ट्रिपा बिघडतात, म्हणून डबी उघडल्याची तारीख झाकणावर लिहावी. सुई एकाला एकच. वापरलेल्या सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात जमवून आरोग्य केंद्रात द्यायच्या, घंटागाडीत नाही. जेवणाची वेळ न बघता घेतलेली शुगर 140 च्या वर असेल तर उपाशीपोटी पुन्हा तपासायला पाठवायचं.

खरी गळती पाठवल्यानंतर होते. उद्यमबागेतल्या कारखान्यात पाळीवर जाणारा माणूस सकाळच्या ओपीडीला पगार बुडवून एकदा जाईल, दरमहा जाणार नाही. अशांची नावं वेगळी काढून, संध्याकाळी कोणतं नम्म क्लिनिक (सरकारी छोटा दवाखाना) उघडं असतं ते बघून त्यांना तिकडे वळवायचं. वहीतला शेवटचा रकाना ‘पुढची तारीख’. ती तारीख उलटून आठवडा गेला की घरी जायचं. बाकी रकाने एक वेळ रिकामे चालतील.

घरी गेल्यावर सगळ्या गोळ्या ताटात ओतायला सांगावं. निपाणी-चिकोडीकडचे लोक उपचाराला कोल्हापूर-मिरजेला जातात, येताना तिथल्या गोळ्या आणतात, आणि इथल्या केंद्रातूनही घेतात. पाकिटावरची नावं वेगळी, पण बारीक अक्षरांत दोन्हीकडे बीपीची तीच गोळी, अ‍ॅम्लोडिपिन 5! दोन्ही चालू असल्या की पाय सुजतात, उठताना चक्कर येते आणि माणूस स्वतःच सगळंच बंद करतो. आपण कोणतीच गोळी थांबवायची नाही. दोन्ही पाकिटं पिशवीत घालून त्याच दिवशी डॉक्टरांसमोर ठेवायला लावायची.

कागदांचं काम आजार येण्याआधी उरकावं. आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत मोफत उपचार, इतरांना ठरलेल्या खर्चाच्या 30 टक्के, 1.5 लाखांपर्यंत. तातडीचा प्रसंग सोडला तर आधी सरकारी दवाखाना आणि तिथलं रेफरल पत्र लागतं. थेट खासगीत गेलेले इथेच अडकतात. रेशन कार्डावरचं आणि आधारवरचं आडनाव जुळत नसेल तर आधी ते दुरुस्त करून घ्यावं. महाराष्ट्राने 2023 मध्ये मोफत उपचारांची महात्मा फुले योजना कर्नाटकातल्या 865 सीमागावांना लागू करण्याचा निर्णय घेतला. पण पलीकडे जाण्याआधी त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणाऱ्याला) कागद दाखवून खात्री करून घ्यावी. भरवशावर गाडी काढू नये.

खानापूरच्या बाजूला, कणकुंबी-जांबोटीकडच्या वाड्यांत, हिशेब पावसाचा असतो. जूनआधीच वही काढून कोणाच्या गोळ्या कधी संपतात ते बघायचं आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून जास्त दिवसांच्या लिहून घ्यायच्या. इन्सुलिनवाल्यांना दोन गोष्टी सांगून ठेवायच्या: वीज गेली तरी बाटली बर्फात किंवा फ्रीजरमध्ये ठेवायची नाही, गोठलेलं इन्सुलिन फेकावंच लागतं, आणि वापरातल्या बाटलीवर उघडल्याची तारीख पेनाने लिहायची.