गेटवर अडलेला पिंजरा

आमच्याकडे कॉकाटील या तुरेवाल्या छोट्या पोपटांची जोडी आहे, बंडू आणि ठमी. बाजारात सगळे त्यांना कॉकटेल म्हणतात. गेल्या जानेवारीत आम्ही नाशिकमध्ये पंचवटी कारंजाजवळचं भाड्याचं घर सोडून इंदिरानगरला फ्लॅटमध्ये आलो. दोघं नव्या घरात रुळतील की नाही, याचीच मला धास्ती होती. रुळायला सहा दिवस लागले. सोसायटीच्या गेटातून आत यायला नऊ लागले.

टेम्पोतलं सामान वर चढत असतानाच सेक्रेटरी आले. "वहिनी, पोपट पाळणं बेकायदा आहे. वनखात्याचा दाखला आणा, मग बघू." त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. आपला हिरवा, कंठ असलेला पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतो, तो घरात ठेवताच येत नाही. कॉकाटील मात्र मूळचा ऑस्ट्रेलियातला. विदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये आले, पण ते 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या जातींसाठी. आफ्रिकन ग्रे, मकाव, सन कन्युअर असा पोपट असेल तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद हवीच. कॉकाटील आणि बजी (बजरिगर, छोटे रंगीत पोपट) त्या यादीत नाहीत. म्हणजे जो कागद लागतच नाही, तो मी आणून द्यायचा होता!

त्यात सोसायटीचा अर्ज कुत्र्यांसाठी छापलेला. रेबीजची लस कधी दिली, फिरवायची वेळ कोणती. मी "लागू नाही" लिहिलं, तर "अपूर्ण" असा शेरा मारून परत. दोनदा. चेअरमन गावाला गेलेले, मीटिंग पुढच्या रविवारी.

तोवर पिंजरा जुन्या घरात. घरमालकांनी किल्ली ठेवू दिली, हे त्यांचे उपकार. पण सगळं सामान गेलेलं. खोली अशी घुमायची की ठमी स्वतःच्याच आवाजाला दचकायची. पहाटे पारा दहाच्या खाली, वर संक्रांतीच्या पतंगांचा आरडाओरडा. मी सकाळ-संध्याकाळ द्वारका चौकाच्या गर्दीतून गाडी काढत जायचे. बंडू रोज कुकरच्या शिट्टीची नक्कल करतो, त्याने चौथ्या दिवसापासून तोंडच उघडलं नाही. सहाव्या दिवशी सकाळी दार उघडलं तर पिंजऱ्याच्या तारांना रक्त. कॉकाटील रात्री अंधारात घाबरून फडफडतात, तसंच झालं होतं. बंडूच्या पंखातलं नवं, रक्त भरलेलं पीस मोडलेलं. टॉवेलात धरून कॉर्नफ्लॉवर दाबलं, रक्त थांबलं, पण माझे हात कितीतरी वेळ थरथरत होते. घरी कोणी असतं तर हे झालं नसतं. तो राग अजून गेलेला नाही.

त्याच दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. वजन ८३ ग्रॅम भरलं, एरवी ९१ असतं. डॉक्टरांनी पंख तपासला आणि लेटरहेडवर दोघांची जात शास्त्रीय नावासकट लिहून दिली. त्याला मी नियमांची छापील प्रत जोडली, महत्त्वाच्या ओळी अधोरेखित केल्या. रविवारी मीटिंगमध्ये पाच मिनिटांत "ठीक आहे, आणा" झालं. नऊ दिवसांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

म्हणून सांगते, टेम्पो ठरवायच्या आधी असं पत्र घेऊन ठेवा. आणि सामान आधी, पक्षी नंतर असं करू नका, एकाच दिवशी हलवा. प्रवासाची चिंता नको. लहान पिंजरा, वर चादर, पाण्याच्या वाटीऐवजी काकडीचा तुकडा, एवढं पुरतं.

नव्या घरी पिंजरा दोन भिंतींच्या कोपऱ्यात, आपल्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवला. आत काहीही बदललं नाही, त्याच काठ्या, तीच बाजरीची कणसं, रात्री तीच जुनी सुती साडी पांघरायला आणि शेजारी मंद दिवा. हा दिवा मी जुन्या घरात लावून यायला हवा होता. पहिले तीन दिवस पाहुणे बंद. बंडू खातोय की नुसता दाणे उडवतोय, हे टरफलांवरून लगेच कळत नाही, त्यासाठी स्वयंपाकघरातला वजनकाटा रोज सकाळी. दहा टक्के घटलं तर थेट डॉक्टर. सहाव्या दिवशी ८९ भरलं आणि त्याच दुपारी, माझा कुकर गॅसवर नसताना, शिट्टी झाली.

मोकळं सोडायच्या आधी खिडक्यांच्या काचांना कागद लावा, नव्या घरातली काच त्यांना दिसत नाही. पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी. आणि हो, नव्या घराच्या हौसेने नॉनस्टिकचा तवा घेतला असेल तर तो द्या कोणाला तरी. जास्त तापला की त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत जातो. मी आमचा बहिणीला देऊन टाकला.