एकाच बॉकवर दोन्ही संघ नाराज

फोंड्याला बेसबॉलचा आंतरमहाविद्यालयीन सामना होता. सहावी इनिंग, एक बाद, पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर रनर, पिचर, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारा, डावखुरा. मी बेस अंपायर, पिचरच्या मागे शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फील्डरच्या) बाजूला.

डावखुऱ्याचं तोंड सेट पोझिशनमध्ये, म्हणजे फेकीआधी स्थिर उभं राहताना, पहिल्या बेसकडेच असतं. डावा पाय रबराला, म्हणजे पिचरच्या पायाखालच्या पट्टीला, टेकलेला, उजवा मोकळा. गुडघा उचलल्यावर चेंडू होमकडे (बॅटरकडे) जाणार की पहिल्या बेसवर, हे रनरला शेवटपर्यंत कळत नाही, आणि इथवर सगळं नियमात बसतं. पण उचललेला पाय रबराच्या मागच्या कडेपलीकडे झुलला, की दोनच वाटा उरतात: बॅटरला पिच टाका, नाहीतर रनर टिपायला दुसऱ्या बेसवर फेका. या मुलाचा बूट कडेच्या चांगला वीतभर मागे गेला आणि त्याने फेकलं पहिल्या बेसवर. मी बोट दाखवून ओरडलो, "बॉक!" म्हणजे पिचरची नियमबाह्य हालचाल.

फेक फर्स्ट बेसमनच्या डोक्यावरून गेली. म्हणून 'टाइम' देऊन खेळ थांबवला नाही. चेंडू बेसवर नीट झेलला असता तर तिथेच खेळ थांबवून दोन्ही रनरना एकेक बेस दिला असता. तिसऱ्यावरचा होमला आला. पहिल्यावरचा दुसरा बेस ओलांडून तिसऱ्याकडे धावला आणि राइट फील्डरच्या थ्रोवर टॅग झाला, म्हणजे बेस गाठण्याआधी त्याला चेंडू लावला गेला. आउट.

आता दोन्ही कोच मैदानात. पिचरचे कोच म्हणाले, "सर, रनर फसलाच नाही, मग बॉक कसला?" रनर फसला का, हे अंपायरने बघायचंच नसतं, पाय कुठे गेला ते बघायचं. मुलाला इतकंच शिकवायला हवं होतं की गुडघा सरळ वर घ्या, पाऊल रबरामागे झुलवू नका, आणि फेकण्याआधी पाऊल बेसच्या दिशेने टाका. शंका वाटली तर आधी टेकूचा पाय रबराच्या मागे उतरवा. मग तो साधा इनफिल्डर, फेकला नाही तरी चालतं. रबरावर राहून पहिल्या बेसवर नुसती हूल दिली तर मात्र बॉक.

बॅटिंगवाल्यांचा मुद्दा वेगळा: "बॉक दिलात, म्हणजे बॉल डेड, खेळ तिथेच थांबला. आमचा पोरगा दुसऱ्यावर परत पाठवा." हा गैरसमज मी फार ऐकतो. बॉकवर फेक वाया गेली तर हक्काच्या बेसपुढे रनर जाऊ शकतो, पण स्वतःच्या जबाबदारीवर. दुसरा बेस त्याचा हक्काचा होता, तिसरा नव्हता. रन कायम, आउटही कायम.

स्कोररने विचारलं, रन पिचरच्या खात्यात अर्न्ड (फील्डिंगच्या चुकीविना आलेला) धरायचा का? धरायचा. बॉकला एरर मानत नाहीत. आउटची नोंद ९-५, म्हणजे राइट फील्डर (९) ते थर्ड बेसमन (५).