हवेचे पैसे

कुरिअरच्या दुकानातल्या पोराने खोक्याला टेप लावली तेव्हाच मला शंका यायला हवी होती. काट्यावर साडेचार किलो भरलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मग शिंप्यासारखी मापं कशाला? ४० बाय ३० बाय ३० सेंटिमीटर. त्याने गुणाकार केला, ५ हजाराने भागलं आणि म्हणाला, "काका, ७ किलो २०० ग्रॅमचं बिल होईल."

"अरे, पण वजन तर..."

"विमानात जागा जाते ना काका. दोन्हीतलं जे जास्त, ते लावतात."

म्हणजे जवळजवळ पावणेतीन किलो हवेचे पैसे. नाशिकची हवा चांगली, असं आम्हीच गावभर सांगत असतो. आता भोगा.

दोष अर्थात चिवड्याचा. भाची एका सेमिस्टरसाठी जर्मनीत फ्रायबुर्गला गेली आहे, अदलाबदलीच्या योजनेत. (इकडून ही गेली, तिकडून अदलाबदलीत कोण आलं, ते आम्हाला काही दिसलं नाही.) तिच्या दिवाळीसाठी आईने तीन दिवस खपून फराळ केला. चकल्या, शंकरपाळे, थोडं मेतकूट आणि कडीच्या स्टीलच्या डब्यात पातळ पोह्यांचा चिवडा. कोंडाजीचा घेऊन पाठवू, असं मी सुचवून पाहिलं होतं. नाशकात चिवड्याला काय तोटा! आई म्हणाली, "तो दुकानातला." विषय संपला. पेढे मात्र राहिले. बाहेरून येणाऱ्या पार्सलमध्ये दुधाचे पदार्थ युरोपात चालत नाहीत, हे कळल्यावर आई दोन दिवस अख्ख्या युरोपवर रुसली होती.

आत काय काय आहे, असं पोराने विचारलं. मी यादी सांगायला लागलो. त्याने टाइप केलं, 'ड्राय स्नॅक्स'. तीन दिवसांचं तळण दोन शब्दांत आटोपलं.

मग तो हळूच म्हणाला, "डबा काढा ना काका. चिवडा व्हॅक्यूम करून देतो. खोकं ३० बाय ३० बाय ३० मध्ये बसेल, ५ किलो ४०० वर येईल."

मी इकडेतिकडे बघितलं. आई घरी होती. काढला डबा.

पिशवीतली हवा सूं करत बाहेर गेली. पोहे एकमेकांवर दबत गेले, कढीपत्त्याचं एक पान प्लॅस्टिकला नाक लावून बाहेर बघत राहिलं. आतून बारीक 'कट्' असा आवाज आला. खोबऱ्याचा काप असावा. दोन मिनिटांत चिवड्याची वीट झाली.

तो डबा मला फार जुना ओळखीचा. १९८९ मध्ये मी पुण्याला हॉस्टेलवर होतो तेव्हा हाच एसटीने यायचा. आधी पोस्टकार्ड यायचं, 'रविवारी सहाच्या गाडीने डबा पाठवत आहे'. वडील पहाटे सीबीएस स्टँडला जाऊन तो ड्रायव्हरच्या हवाली करायचे. फडक्यात बांधलेला, फडक्यावर माझं नाव आणि खोली नंबर. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करत गाडी दुपारपर्यंत शिवाजीनगरला लागायची आणि मी स्टँडवर तासभर आधीपासून उभा. ड्रायव्हर डबा इंजिनाच्या बॉनेटवर ठेवत असत. त्यामुळे हातात यायचा तो चांगला ऊन. दोनशेवर किलोमीटर शेकलेला चिवडा. कढईतून आत्ताच काढलाय असा. तसा चिवडा मी पुन्हा कधी खाल्लेला नाही, आणि आईला हे सांगायची सोयही नाही.

वरचा चिवडा मित्रांचा. पोरं मुठी भरभरून न्यायची, मीही उदारपणे देत असे, कारण माझा डोळा तळावर असायचा. तळाशी चुरा. पोह्यांचा भुगा, डाळ्याच्या कण्या, तीळ, पिठीसाखर, हळद-तिखट आणि चुकून राहिलेला एखादा काजूचा तुकडा. डबा तिरका करून, कडेला टिचकी मारून तो एका कोपऱ्यात जमवायचा आणि चमच्याने खायचा. चिवडा हा चुऱ्यापर्यंत पोहोचण्यासाठी खायचा असतो, असं माझं मत आहे. ते घरात कोणालाही मान्य नाही.

आणि डबा परत जायचा, पण रिकामा नाही. रिकामा डबा परत देऊ नये. मी मेसमधल्या साखरेची पुडी टाकायचो, कधी दोन पेरू. एकदा मोजे टाकले होते, धुवायला. आमच्या घरी तो विषय अजून निघतो. डब्यावर आजीचं नाव आहे, भांडीबाजारात ठिपक्याठिपक्यांनी कोरून घेतलेलं. आजीच्या नावाखाली मोजे.

भाचीचं बरं चाललंय. विद्यापीठ १४५७ सालचं, स्वयंपाकघर सात जणांत एक. फोडणी दिली की छतावरचा धुराचा गजर बोंबलतो, म्हणून आधी खिडक्या उघडायच्या आणि मग थंडीत कुडकुडत मोहरी तडतडवायची. रविवारी दुकानं बंद. प्लॅस्टिकची रिकामी बाटली परत दिली की २५ सेंट मिळतात, त्यामुळे ही आता बाटल्या मोजत असते. त्या गावात रस्त्यांच्या कडेने दगडी पाट वाहतात, आणि त्यात चुकून ज्याचा पाय पडतो त्याचं लग्न फ्रायबुर्गकराशी होतं म्हणे. हिचा दुसऱ्याच दिवशी पडला. आईने फोनवर एवढंच विचारलं, "कुठला पाय?"

पार्सल पोहोचलं. रात्री नऊला तिचा व्हिडिओ कॉल. तिकडे साडेचार आणि उजेड मावळत आलेला. "मामा, चिवड्याची वाळू झालीय." मला भरून आलं. चुराच चुरा, अख्खी पिशवी! पण तिच्या खोलीशेजारची मुलगी ते न्याहारीचं काहीतरी समजली आणि तिने वाटीत घेऊन वर दूध ओतलं. मला वाटलं, आता आई उखडणार. आई म्हणाली, "त्यात काय, गोकुळाष्टमीला आपण नाही का दूध-पोहे खात? तिला म्हणावं, थोडी साखर घाल."

मग फोन स्वतःच्या तोंडाजवळ धरून म्हणाली, "आणि डबा जपून ठेव गं. माझ्या सासूबाईंचा आहे. मार्चमध्ये येताना आठवणीने आण. रिकामा आणू नकोस."

पडद्यावर भाचीचा चेहरा क्षणभर कोरा झाला. आईच्या मागून मी हात हलवत होतो, मान हलवत होतो, जमेल ते सगळं हलवत होतो. पोरगी हुशार आहे. "हो आजी," ती म्हणाली, "कपाटात ठेवलाय."

डबा माझ्या स्कूटरच्या डिकीत आहे. कॉलेज रोडला प्रत्येक गतिरोधकावर खडखडतो. हेल्मेटमधूनसुद्धा ऐकू येतो.